‘डाउन बाय लॉ’ : पलायनच न दाखवणारा तुरुंगपट

खडूची खिडकी :
जिम जार्मुश यांचा १९८६ सालचा हा कृष्णधवल विनोदी चित्रपट परवा पुन्हा पाहिला. न्यू ऑर्लिन्समधला एक रेडिओ निवेदक झॅक आणि वेश्यांचा एक दलाल जॅक, दोघेही इतरांनी रचलेल्या सापळ्यात अडकून एकाच कोठडीत येतात. दोघांना एकमेकांचे तोंडही पाहवेनासे झाले असताना तिथे बॉब नावाचा इटालियन येऊन पडतो. त्याने मात्र खरोखरच माणूस मारलेला आहे, तोही बिलियर्डच्या चेंडूने! तिघांत गुन्हेगार तेवढा हाच आणि निष्पापही हाच, ही गंमत रॉबेर्तो बेनिन्यीने विलक्षण निभावली आहे. बॉब भिंतीवर खिडकी काढतो आणि विचारतो की इंग्रजीत ‘खिडकीकडे पाहतो’ म्हणायचे की ‘खिडकीतून पाहतो’. इथे ‘खिडकीकडे’च म्हणावे लागेल, असे जॅक त्याला सांगतो. तुरुंगवासावर याहून नेमके भाष्य मी पडद्यावर पाहिलेले नाही.

तर्ककर्कश :
खिडकीचा प्रसंग मान्य, पण त्या एका विनोदावर १०७ मिनिटे कशी काढायची? पळून जाण्याचा मार्ग सापडल्याचे बॉब सांगतो आणि लगेच तिघे भुयारातून धावताना दिसतात. मधले सगळे गाळणे ही शैली नव्हे, तो चक्क आळस आहे. शिवाय लुइझियानातला तुरुंग इतका निरुपद्रवी, की कैद्यांची मुख्य अडचण कंटाळा हीच असावी! शेवटी रानात बॉबला त्याचीच भाषा बोलणारी प्रेयसी मिळते, म्हणजे परीकथाच झाली. (ती भूमिका करणारी निकोलेत्ता ब्रास्की पुढे बेनिन्यीची पत्नी झाली, एवढाच काय तो वास्तवाचा आधार.)

खडूची खिडकी :
परीकथा आहेच, आणि ती तशी असल्याचे चित्रपट कुठेही लपवत नाही. पलायन तपशीलवार दाखवले असते, तर सुटका हेच सर्वस्व ठरले असते. इथे मात्र दलदलीत भटकून तिघे ज्या झोपडीत पोहोचतात, तिथली फळ्यांची बिछाने हुबेहूब कोठडीसारखी निघतात. गजांबाहेर येऊनही ते तिथेच येऊन ठेपले, हे दिग्दर्शकाला दाखवायचे होते.

राखाडी :
या वादात छायालेखक रॉबी म्यूलर यांना कोणीच विचारत नाही, याचे नवल वाटते. त्या दलदलीत पाणी कुठे संपते आणि काठ कुठे लागतो हे कळत नाही, ते रंग नसल्यामुळेच. कथा विरळ आहे, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. झॅक आणि जॅक यांच्यातील कुरबुरी मलाही लांबल्यासारख्या वाटल्या.

तर्ककर्कश :
म्यूलर यांच्याविषयी दुमत नाही. झोपडीचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता, हेही कबूल करतो. तरीही शेवटी रस्त्याला फाटा फुटतो, झॅक आणि जॅक एकमेकांची जाकिटे बदलून वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात, तेव्हा मला त्या दोघांविषयी काहीच वाटले नाही. डोळ्यांसमोर राहिला तो मागे थांबलेला बॉबच.