ओव्हन नाही, पाक नाही: घरी वळलेल्या पौष्टिक लाडू-गोळ्यांचे तुमचे अनुभव सांगा

संध्याकाळी पाचच्या सुमाराला प्रत्येक घरात काहीतरी तोंडात टाकायला लागतं. मुलं शाळेतून आलेली असतात, कोणी कामाची पाळी संपवून आलेलं असतं, आजी-आजोबा चहाची वाट बघत असतात. त्या वेळी बिस्किटाचा पुडा फुटतो, कारण तो हाताशी असतो. त्याच्या जागी घरचं काहीतरी हाताशी ठेवता यावं, म्हणून हा धागा काढते आहे. हल्ली या प्रकाराला एनर्जी बाइट्स म्हणतात. ओट्स, चिया, पीनट बटर घालून केलेले चांगलेच लागतात, पण सोलापूरकरांच्या डब्यांत शेंगा, तीळ, जवस, डाळं, ज्वारीच्या लाह्या आणि गूळ आधीपासून आहेत. त्यांतून काय वळता येतं ते लिहा.

ओव्हन आणि पाक सोडून बाकी सगळं चालेल. कढईत भाजून घ्यायला हरकत नाही. प्रमाण शक्यतो वाटीत द्या, आणि कोणासाठी केलं ते नक्की लिहा. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा लाडू आणि मधुमेह असलेल्या सासऱ्यांचा लाडू एक नसतो.

सुरुवात मीच करते. शेंगाचटणी उखळात कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि चटणी आपोआप गोळा व्हायला लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेच तेल लाडू बांधायला पुरतं, वेगळं तूप लागत नाही. एक वाटी शेंगदाणे, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजायचे. पूर्ण गार करायचे, सालं चोळून पाखडायची. मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबून थांबून चालवायचा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि दाण्याचं लोणी होतं. भरड झाली की अर्धी वाटी किसलेला मऊ गूळ, दोन चमचे भाजलेले तीळ आणि वेलदोडा घालून पुन्हा दोन-चार झटके. मूठ दाबून बघायची. तळहाताला तेलाची चकाकी दिसली की थांबायचं आणि लगेच वळायला घ्यायचं. चिक्कीचा गूळ यात नको, तो पाकासाठीच बरा.

*

पूर्व भागातून

ताई, आम्ही तेलुगू बोलणारी माणसं, आमच्याकडे हेच तिळाचं करतात. नुव्वुल उंडलु म्हणतात. आई विडी वळायला बसायची. सूप मांडीवर, पान कापायची कात्री हातात, आणि दुपारभर उठणं नाही. शेजारी वाटीत हे उंडलु असायचे. जेवण लांबलं तर त्यावर दिवस निघायचा.

तीळ बिनसोललेले घ्यायचे. पांढरे शुभ्र सोललेले तीळ दिसायला छान, पण कॅल्शियम जास्त करून सालात असतं. कोरडे भाजायचे. तडतडायला लागले आणि बोटांत चुरडून वास आला की झाले. जास्त लाल झाले तर कडू लागतात. आई रोलुत, म्हणजे दगडी उखळात कुटायची, मी मिक्सरमध्ये करते आणि शेवटी दोन मिनिटं तरी खलबत्त्यात घालतेच. कुटल्यावर तेल जसं अंगावर येतं तसं पात्यानं कापल्यावर येत नाही. तीळ दोन वाट्या, गूळ एक वाटीला थोडा कमी. लहान सुपारीएवढेच वळते. गड्ड्याच्या यात्रेत मुलं दिवसभर फिरतात, तेव्हा खिशात हेच असतात.

*

जुळे सोलापूर

माझ्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणून जरा कळकळीनं लिहिते. 'साखर नाही, फक्त खजूर' असं लिहून लाडू विकले जातात आणि घरातली म्हातारी माणसं निर्धास्तपणे चार-चार खातात. खजुरात निम्म्याहून कितीतरी जास्त वजन साखरेचंच असतं. तंतू असतात, पोटॅशियम असतं, हे खरं. म्हणून तो साध्या साखरेपेक्षा बरा, पण साखरेतून सुटका नव्हे. गुळाचंही तेच आहे.

आमच्या घरी खजूर फक्त बांधायला लागेल तेवढा. पाऊण वाटी डाळं, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, पाव वाटी तीळ, दोन चमचे भाजून कुटलेलं जवस, आणि चार-पाच बिया काढलेले मऊ खजूर. सुंठ आणि दालचिनी थोडी. मिश्रण कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. गोडी अगदी बेताची येते आणि बाबांना आता तीच आवडते. पाच वाजता एक गोळी, आणि ती चहाच्या बिस्किटांऐवजी, बिस्किटांबरोबर नव्हे. मीटरवर खाण्याआधी आणि दोन तासांनी बघून मगच हे प्रमाण ठरवलं, आणि डॉक्टरांना दाखवलं. ज्यांच्या घरी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तसंच करावं. दुसऱ्याच्या घरचं प्रमाण उचलू नका, माझंसुद्धा.

*

केगावकडचा एक विद्यार्थी

खोलीवर गॅस नाही, मिक्सर नाही. तरीही जमतं. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे वाण्याकडून आणायचे, जाड पिशवीत घालून लाटण्यानं किंवा बाटलीनं चेचायचे. खजुराच्या बिया काढून हातानं मळायचा, तो कणकेसारखा होतो. त्यात चेचलेलं सगळं मिसळलं की झालं. ओट्स घालणार असाल तर पाकिटातले चपटे ओट्स वाफवूनच चपटे केलेले असतात, त्यामुळे तसेच चालतात. परीक्षेच्या काळात रात्री भूक लागते तेव्हा मेसही बंद आणि टपरीही बंद. मी डबा भरून ठेवतो, खोलीतले सगळे खातात. आईनं शिकवलेलं यातलं एकच काटेकोर पाळतो: हात कोरडे.

*

गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेली एक काकू, विजापूर रोड

वरच्या मुलानं लिहिलेलं 'हात कोरडे' हेच या सगळ्याचं मर्म आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हे लाडू टिकतात ते त्यांत पाणी कमी असतं म्हणून. बुरशीला आणि जंतूंना वाढायला ओल लागते. गुळात किंवा खजुरात जे थोडं पाणी असतं ते साखरेनं धरून ठेवलेलं असतं. तुम्ही दुधाचा हात लावला, ओलं खोबरं घातलं किंवा दाणे गरम असतानाच डबा बंद केला आणि झाकणाला वाफ धरली, की हिशोब बिघडला. ओलं खोबरं घातलेले लाडू फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत. सुकं खोबरं भाजून घातलं तर काळजी नाही.

दुसरा शत्रू उष्णता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. शेंगदाणे, तीळ, जवस या सगळ्यांत तेल आहे, आणि उष्णतेत ते तेल लवकर खवट होतं. जवसाचं सगळ्यात आधी. म्हणून उन्हाळ्यात जवस आठवड्यापुरतंच कुटा, लाडूही थोडेच करा, काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. चॉकलेटचं आवरण वगैरे थंडीत करावं, मेमध्ये ते डब्यात पाघळतं.

तिसरी गोष्ट मी वर्गात प्रत्येक बॅचला सांगत आले. शेंगदाणे हातानं निवडा. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशी धरलेला किंवा कडू दाणा काढून टाका. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी धरते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, त्याचा मारा यकृतावर होतो, आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. कडू दाणा मिक्सरमध्ये गेला की ओळखू येत नाही, म्हणून निवडणं आधी.

कच्चं पीठही यात घालू नये, मग ते कणीक असो की ज्वारीचं. पीठ न शिजवता खायची वस्तू नव्हे. खमंग भाजून घ्या, नाहीतर लाह्यांचं पीठ वापरा.

आता धाग्याच्या सुरुवातीच्या लाडवाचा हिशोब. 150 ग्रॅम दाणे आणि 75 ग्रॅम गूळ यांचे पंधरा लाडू केले तर एका लाडवात 10 ग्रॅम दाणे आणि 5 ग्रॅम गूळ. म्हणजे सुमारे 75 कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं, तीळ वेगळे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, 5 टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाचे ते 5 टक्के म्हणजे जेमतेम 25 ग्रॅम, आणि यात गूळही मोजायचा. दोन लाडवांत 10 ग्रॅम गेले, चहाची साखर अजून बाकी आहे. म्हणून लाडू लहान वळा. त्याच मिश्रणाचे मोठे आठ लाडू केले तर माणूस तरीही दोनच उचलतो.

*

बाळंतपणानंतर नोकरीवर परतलेली, होटगी रोड

काकू, तुमचं वाचून डबा फ्रिजमध्ये हलवला. लहान मुलांच्या आयांसाठी थोडं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलाही नको. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि घरातली मोठी माणसं प्रेमानं चाटवतात म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा किंवा अर्धा दाणा असलेला लाडू देऊ नका, घशात अडकतो. सगळं बारीक, आणि मूल बसलेलं असतानाच. शाळेच्या डब्यात देताना वर्गात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ते बाईंना विचारते.

*

विजापूर वेशीजवळून

रमजानमध्ये आमच्या भागात खजुराचे ढीग लागतात, किती जातींचे ते सांगता येणार नाही. ईदनंतर प्रत्येक घरात थोडा थोडा उरतोच, आणि तो वाळत जातो. माझी सास तो वाफेवर मऊ करून, पुसून, फडक्यावर पसरून कोरडा करायची, मग तीळ आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्यात घोळवून वड्या पाडायची. मीही तसंच करते, फक्त आत भाजलेला बदाम ठेवते. एका खजुराची एक वडी. यात गूळ नाही, तूप नाही. पाहुण्याला शरबताबरोबर दिली तरी शोभते.

*

सांगोल्याहून, डाळिंबवाले

कोणीतरी विचारलं होतं की सोलापूरचं डाळिंब या लाडवांत घालता येईल का. आमचा भगवा, म्हणजे डाळिंबाचा तो वाण, रसाळ आहे. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, इतकं ते आपलं आहे, पण लाडवात घालू नये. दाणा फुटला की पाणी, आणि काकूंनी वर सांगितलंच आहे. बाजूला वाटीत घ्या. हळिवाच्या किंवा तिळाच्या लाडवाबरोबर लिंबू, पेरू असं सी जीवनसत्त्व असलेलं काही खाल्लं तर लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र त्याच वेळी नको, तो उलट अडवतो.

*

मंगळवेढ्याच्या माहेरवाशीण, आता बाळ्यात

ज्वारीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नागपंचमीच्या लाह्या उरल्या की माहेरी त्यांचं पीठ करून गूळ-तुपात कालवायचे. दोन वाट्या लाह्यांचं पीठ, अर्धी वाटी दाण्याचा कूट, अर्धी वाटी गूळ आणि तीन चमचे पातळ तूप घेतलं तर ते वळताही येतं. आमच्या मालदांडी ज्वारीची चव त्यातसुद्धा कळते.

पण माझ्या घरी सगळ्यात जास्त चालतो तो कडक भाकरीचा मलिदा. कडक भाकरी शिजवून वाळवलेलीच असते, म्हणजे कच्च्या पिठाचा प्रश्नच नाही. दोन भाकऱ्या मोडून मिक्सरमध्ये रवाळ करायच्या, अर्धी वाटी दाण्याचा कूट, गूळ चवीपुरता, दोन चमचे तूप. झाकून दहा मिनिटं ठेवलं की चुरा तूप-गूळ पिऊन मऊ होतो आणि लाडू छान बसतो.

गोड नको असलेल्यांसाठी याच चुऱ्यात गुळाऐवजी दोन मोठे चमचे शेंगाचटणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि बांधायला घट्ट दही. लहान गोळे वळून लगेच वाढायचे. दही आणि कांदा असल्यानं हे डब्यात ठेवायचं नाही, केलं की संपवायचं. वर जुळे सोलापूरच्या ताईंनी लिहिलेल्या बाबांना यातला एखादा गोळा करून बघा. ज्वारीचं पीठही मोजायलाच हवं, पण गूळ-खजूर यात काहीच नाही.