मदत हवी आहे : ब्लॅक-बिल्ड की ब्लू-स्पॉटेड वुड डव्ह?

नमस्कार मंडळी. युगांडातल्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात टिपलेल्या एका छोट्या कवड्याची ओळख पटवायची आहे. फोटो सोबत आहेत. लांबी अंदाजे २० सेंमी, राखाडी डोकं, फिकट गुलाबी छाती, पंखावर चमकदार ठिपके, कमरेवर दोन काळे आडवे पट्टे. उडताना पंख तांबूस दिसतात. पण एवढं वर्णन तिथल्या ब्लॅक-बिल्ड आणि ब्लू-स्पॉटेड या दोन्ही वुड डव्ह जातींना लागू पडतं!

ठिपके एका फोटोत गर्द निळे, तर दुसऱ्यात हिरवट. ही चमक प्रकाशाच्या कोनानुसार बदलते, त्यामुळे केवळ ठिपक्यांवर निर्णय घ्यायला मन धजत नाही. याच हिरवट रंगामुळे एमराल्ड-स्पॉटेड या तिसऱ्या वुड डव्ह जातीचा भासही होतो.

खरा भरवसा चोचीचा. ब्लॅक-बिल्डची पूर्ण काळी, ब्लू-स्पॉटेडची लालसर आणि टोकाला पिवळी. इथे चोच नेमकी सावलीत आहे. तिसरा फोटो उजळून पाहिला तर बुडाशी किंचित लाली वाटते, पण ती कॅमेऱ्याचीही करामत असू शकते. पाठ फिकट मातकट आहे, ब्लू-स्पॉटेडसारखी गडद तपकिरी नाही. म्हणून माझा कल ब्लॅक-बिल्डकडे.

पूर्व आफ्रिकेत पक्षी पाहिलेल्यांनी कृपया सांगावं : चोच नीट दिसत नसेल तर पाठीच्या रंगावर कितपत विसंबावं? आणि खांद्याजवळची पिसं पिवळसर कडांची आहेत, म्हणजे हे पिल्लू असेल का? तसं असेल तर चोचीच्या रंगाचा निकष लागू होतो का?