नाक टोचताना बंदूक की सुई? (आणि चमकी नेमकी कशाची?)

रानजाई
‘पहिल्यांदा नाक टोचताय? पाच मिनिटांचे काम आहे!’ अशा मथळ्याची एक नोंद सध्या फिरते आहे आणि ती मला इतक्या जणींनी पाठवली की उत्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. तिच्यात तीन सल्ले आहेत: बंदुकीने टोचून घ्या, कारण सुईपेक्षा कमी दुखते, चमकी पहिल्या दिवसापासून रोज फिरवा, नाहीतर ती चिकटते, आणि जखम सकाळ-संध्याकाळ स्पिरिटने पुसा. टोचतानाची कळ क्षणभराची असते, डोळ्यांत आपसूक पाणी येते, एखादी शिंक येते आणि विषय संपतो, याबद्दल माझा वाद नाही. पण नाकपुडीची जखम आतून भरून यायला साधारण चार ते सहा महिने लागतात, कित्येकांना त्याहूनही अधिक, आणि या तिन्ही सल्ल्यांना त्या महिन्यांचा पत्ताच नाही.

बंदूक स्प्रिंगच्या जोरावर चमकीची बोथट दांडी कातडीतून आरपार ढकलते. पोकळ सुई धारेने वाट कापते, त्यामुळे आजूबाजूचा भाग कमी चेचला जातो. शिवाय बंदुकीतली दांडी ठरावीक मापाची आणि आखूड असते. सूज आली की ती रुतते आणि मागच्या पकडीत जखमेतून झरणारी लस साचून राहते. बंदुकीचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमधील (उपकरणे निर्जंतुक करण्याच्या यंत्रातील) 121 अंश सेल्सियसच्या वाफेत टिकत नाहीत, म्हणून ती एका नाकावरून दुसऱ्या नाकावर जाताना केवळ पुसली जाते. स्पिरिटबद्दल एवढेच सांगते की ते जंतूंबरोबर नव्याने धरू लागलेली नाजूक त्वचाही जाळते.

तिरकस
माझे नाक बंदुकीने टोचलेले आहे, मी पुरुष आहे, आणि दोन्ही गोष्टींचा मला आजवर काडीचा त्रास झालेला नाही. माझ्या बहिणीचेही बंदुकीनेच टोचले, तिचेही नाक जागेवर आहे. तुमचे वर्णन वाचून एखाद्याला वाटेल की आपण शस्त्रक्रियेला निघालो आहोत. दुसरे असे की तुम्ही जिची निंदा करता ती जुनी बंदूक आहे. एकदाच वापरून टाकून देण्याच्या निर्जंतुक कार्ट्रिजची उपकरणे येऊन बराच काळ लोटला. अर्धी माहिती देऊन पहिल्यांदा टोचणाऱ्यांना घाबरवण्यात कोणते पुण्य आहे?

रानजाई
कार्ट्रिजचा मुद्दा मान्य करते, कारण करावाच लागेल. पण त्याने प्रश्न सुटतो तो संसर्गाचा. दांडी ढकलली जाते की वाट कापली जाते, हा प्रश्न तसाच राहतो. आणि आपल्या बहिणीचे नाक जागेवर असल्याबद्दल आनंद झाला, मात्र एका घरातल्या दोन नाकांवरून सगळ्यांची नाके ठरत नाहीत.

दुसरी_बाजू
सुईची बाजू घेणारे नेहमी कानाच्या वरच्या कूर्चेच्या (लवचीक, मऊ हाडाच्या) गोष्टी नाकाला चिकटवतात, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात 2000 साली एकाच विक्रीकेंद्रात कान टोचलेल्या अनेकांना स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग झाला होता आणि बंदुकीच्या विरोधात हे उदाहरण हमखास दिले जाते. तेथे बंदूक वापरली होती हे खरे, परंतु तेच जंतू सापडले ते पुन्हा पुन्हा भरून वापरलेल्या जंतुनाशकाच्या बाटलीत आणि बेसिनमध्ये. म्हणजे सुईने टोचून तीच बाटली वापरली असती तरी धोका टळला नसता. दुसरे, नाकपुडीच्या खालच्या कडेला मुळात कूर्चा नसते. तेथे तंतुमय आणि मेदयुक्त भाग असतो आणि कूर्चा त्याच्या वर सुरू होते. त्यामुळे नेमके कोठे टोचता, यावर बरेच अवलंबून असते.

निकेलग्रस्त
बंदूक आणि सुई यांवर एवढा ऊहापोह चालला आहे, पण महिनोन्‌महिने नाकात राहते ती चमकी, आणि तिच्या धातूबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. माझे नाक उत्तम सुईने, हातमोजे घालून, माझ्यासमोर सुईचे पाकीट फोडून टोचले गेले. तरीही भोकाभोवती खाज, पाणी आणि लाल चट्टा उठला. एका डॉक्टरांनी नीट पाहण्याआधीच ‘काढून टाका, ही असली हौस कशाला’ असे सुनावले (माझ्या हौसेचे निदान कोणी मागितले होते?) आणि संसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काहीही झाले नाही, कारण तो संसर्ग नव्हता, निकेलची अॅलर्जी होती. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव ऐकून आपण निर्धास्त होतो, पण 316एल या प्रचलित प्रकारात 10 टक्क्यांहून अधिक निकेल असते.

दुसरी_बाजू
धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटते किती, हे महत्त्वाचे आहे. युरोपीय संघाने 1994 मध्ये टोचलेल्या जागी घालण्याच्या दांड्यांसाठी निकेलच्या प्रमाणावर मर्यादा घातली होती, ती 2004 मध्ये बदलून सुटण्याच्या दरावर आणली: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. चांगल्या प्रतीच्या पोलादातून निकेल फारसे सुटत नाही.

निकेलग्रस्त
‘फारसे’ हा शब्द आपण ज्यांना अॅलर्जी नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा. ओल्या जखमेत धातू घातला की हिशेब वेगळा होतो, आणि चमकी विकणारा आपल्याला सुटण्याचा दर सांगत नाही, ‘सर्जिकल आहे’ एवढेच सांगतो.

सोनसळी
एवढी रसायने उगाळण्यापेक्षा सोने घालावे आणि मोकळे व्हावे. सोने अंगाला लागत नाही, हे समजायला युरोपीय संघाची गरज नाही. माझी चमकी पहिल्या दिवसापासून सोन्याची आहे आणि नाक कधी चिघळले नाही.

निकेलग्रस्त
कोणते सोने? 22 कॅरेटमध्ये शुद्ध सोने 91.6 टक्के, 18 कॅरेटमध्ये 75 टक्के, 14 कॅरेटमध्ये 58 टक्क्यांच्या आसपास. उरलेला भाग तांबे, चांदी किंवा जस्त यांचा असतो, आणि पांढऱ्या सोन्यात पुष्कळदा निकेलच. कॅरेट जितका वरचा तितके सोने मऊ, लवकर चरे पडणारे, आणि ताज्या जखमेत चरे असलेली दांडी नको. मुलाम्याबद्दल तर बोलायलाच नको. तो झिजला की खालचा धातू थेट जखमेला लागतो. तुमच्या चमकीची दांडी कशाची आहे, हे कधी विचारले होते का?

सोनसळी
पुढची फुली सोन्याची आहे. दांडी कशाची आहे हे मी विचारलेले नाही आणि तुम्हाला समाधान मिळावे म्हणून आता विचारणारही नाही. दुसऱ्याच्या नाकातल्या दागिन्याची झडती घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तिरकस
म्हणजे सोन्याचे एवढे गुणगान झाले ते केवळ दर्शनी भागाचे होते तर!

रानजाई
कृपया एकमेकांवर घसरू नका. पहिल्यांदा टोचणाऱ्याने रोपणाच्या, म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम मागावे, म्हणजे एएसटीएम एफ-136 हे मानक असलेले. निओबियम किंवा निकेलविरहित 14 अथवा 18 कॅरेट सोने हेही चालते. चांदी मात्र ताज्या जखमेत नको, कारण ती काळवंडते आणि कधी कधी त्वचेवर कायमचा डाग सोडते. दांडी सुरुवातीला थोडी लांब हवी आणि सूज उतरल्यावर आखूड करून घ्यावी.

पहिलटकर
मी पुढच्या आठवड्यात टोचून घेणार आहे आणि या चर्चेतून मला धातुशास्त्र बरेच कळले. पण चमकी फिरवली नाही तर ती खरेच चिकटत नाही का? आणि भोकाशेजारी फोड आला तर ते केलॉइडच (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड, उंच व्रण) समजायचे का?

रानजाई
चिकटते ती सुकलेल्या लसीची खपली. फिरवल्याने तीच खपली आत ओढली जाते आणि भरत आलेली जागा नव्याने फाटते. 0.9 टक्के मिठाचे निर्जंतुक सलाइन दिवसातून दोनदा लावा, खपली मऊ झाली की ती अलगद टिपून घ्या आणि एरवी हात लावू नका. टोचल्यावर काही आठवड्यांत येणारी बारीक लाल गाठ बहुधा घर्षणाने किंवा चुकीच्या मापाच्या दांडीने आलेली असते. केलॉइड उशिरा, बहुधा काही महिन्यांनी दिसते आणि मूळ जखमेच्या सीमेबाहेर पसरत जाते. घरात कोणाला केलॉइड होत असेल, तर टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

निकेलग्रस्त
आणि पू, ठणका, ताप असे काही झाले तर घाबरून स्वतःच चमकी काढू नका. ताजे भोक काही तासांतही मिटू लागते आणि पू आत कोंडतो. चमकीसह दाखवायला जा, आणि डॉक्टरांनी हौसेवर प्रवचन दिले तर दुसरे डॉक्टर शोधा.

तिरकस
पहिलटकर, सुईनेच टोचून घ्या, नाहीतर ही मंडळी माझ्या बहिणीच्या नाकावर पुन्हा घसरतील. बंदुकीबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.

सोनसळी
माझेही सोन्याबद्दलचे नाही.