‘चिचुंद्री’ या शब्दाची व्याप्ती, आणि ‘दुर्मीळ’ कशाला म्हणावे?

प्रश्न : कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात राहणाऱ्या माउंट लायल श्रू या इवल्या सस्तन प्राण्यावर मी लेख लिहीत आहे. पहिल्या खर्ड्यात ‘दुर्मीळ डोंगरी उंदीर’ असे लिहिले होते. ‘चिचुंद्री’ म्हणावे, तर मोरीच्या कडेने चिक्‌चिक् करत पळणारी, उग्र वासाची घरातली चिचुंद्रीच डोळ्यांपुढे येते. योग्य शब्द कोणता?

उत्तर : ‘उंदीर’ हा शब्द कृपया काढून टाकावा. उंदीर कुरतडणारा प्राणी आहे आणि त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चिचुंद्री मात्र किडे, अळ्या व कोळी खाणारी असून तिचे जवळचे नाते जमिनीत बिळे खोदणारा मोल आणि काटेरी अंगाचा हेजहॉग यांच्याशी आहे. आपल्याकडे ‘उंदीर’ म्हटले की पुढचा शब्द ‘औषध’ असतो, आणि घरातील झुरळे खाणारी चिचुंद्री त्या चुकीच्या नावापायी मारली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वासाची अडचण मोठी नाही. तो वास घरच्या जातीच्या कुशीवरील ग्रंथींमुळे ठळक झाला. शब्दाचा अर्थ तेवढाच नाही. निलगिरीच्या उंच भागातील डोंगरी जातींनाही मराठीत आपण चिचुंद्रीच म्हणू. भेद दाखवायचाच असेल, तर दातांचा दाखवावा : घरच्या चिचुंद्रीचे दात पांढरे असतात, तर लायलच्या चिचुंद्रीच्या दातांची टोके लोहामुळे तांबूस असतात.

मला खरी हरकत ‘दुर्मीळ’वर आहे. या जातीचे वर्णन १९०२ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ मेरियम यांनी केले, तरी जिवंत प्राण्याचे पहिले छायाचित्र २०२४ च्या नोव्हेंबरात, तीन तरुण विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांतून मिळाले. त्यांनी ओलसर जागी जमिनीत शंभराहून अधिक पेले पुरले आणि रात्रभर ते पुन्हा पुन्हा तपासले, कारण दोन-तीन ग्रॅम वजनाच्या या जिवाची भूक इतकी अखंड असते की पेल्यात पडलेली चिचुंद्री काही तासांतच उपाशी मरते. पूर्वी ती सापळ्यांत सापडत होती, परंतु मेलेली. म्हणून तिला ‘क्वचित दिसणारी’ म्हणावे. न दिसणे आणि संख्या कमी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

‘संकटग्रस्त’ हा शब्दही घाईने वापरू नये. जातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, तर कॅलिफोर्निया राज्य तिला ‘विशेष चिंतेची जाती’ मानते. यात विसंगती नाही : तिचा अधिवास म्हणजे उंचावरील झऱ्याकाठची ओली, गवताळ जमीन, हवा तापत गेली तर थंडाव्यासाठी तिने वर सरकायचे, पण डोंगराला माथा असतो. दोन्ही वर्ग लेखात शेजारी शेजारी द्यावेत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वाक्य असे बदलले : ‘माउंट लायल चिचुंद्री ही सिएरा नेवाडाच्या उंच, ओलसर भागात राहणारी, क्वचित दिसणारी कीटकभक्षी जाती आहे.’ ‘डोंगरी’ गाळले, कारण ते ‘उंच’मध्ये आलेच.