मदत हवी आहे: शर्यतीतल्या सायकलस्वाराचा ठिपका तासन्‌तास हलला नाही तर काय समजायचं?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ यंदा ट्रान्सकॉन्टिनेंटल रेसला उतरतोय. युरोपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, साधारण ४,००० किलोमीटर. मागे गाडी नाही, मदतनीस नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. झोप, जेवण, पंक्चर सगळं त्यातच धरायचं. ठरलेले कंट्रोल पॉइंट गाठायचे, मधला बराचसा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. प्रत्येकाजवळ सॅटेलाइट ट्रॅकर असतो, आणि घरच्यांच्या वाट्याला येतो नकाशावरचा एक ठिपका.

गेल्या वर्षी तो एका छोट्या, तीन दिवसांच्या शर्यतीत होता. दुसऱ्या रात्री ठिपका चार तास एकाच जागी. मी अकरा वेळा फोन केला. तो बसथांब्याच्या आडोशाला झोपला होता, बॅटरी वाचवायला फोन बंद. सकाळी फोन लागला तेव्हा मी भरात सांगून टाकलं, "पुढचा पूल बंद आहे, डावीकडून जा." तो एकदम गप्प झाला. बाहेरून मिळालेली ती मदत होती. त्याने स्वतःहून आयोजकांना कळवलं, वेळेचा दंड घेतला. मला एका शब्दाने बोलला नाही, पण मला ते अजून लागून आहे.

या वेळी नीट शिकून बसायचं आहे. ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबला की यंत्र? काळजी कधी करायची, आणि कोणाला विचारायचं? माइक हॉल यांनी २०१३ मध्ये ही शर्यत सुरू केली आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका शर्यतीत गाडीच्या धडकेने ते गेले, हे वाचल्यापासून रात्रीची भीती खरी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:

ताई, मी बरीच वर्षं हे ठिपके बघतो. सगळ्यात आधी जागा बघू नका, ट्रॅकरकडून शेवटचा संदेश किती वाजता आला ते बघा. ठिपक्यावर टिचकी मारली की दिसतं. नवे संदेश येत आहेत आणि जागा तीच आहे, तर यंत्र चालू आहे, माणूस थांबलाय. संदेशच येत नसतील तर ट्रॅकरला मोकळं आकाश दिसत नसेल, बॅटरी संपली असेल, किंवा तो पिशवीत पालथा पडला असेल. बोगदा, अरुंद दरी, दाट झाडी, सगळीकडे असं होतं. त्यातही काही ट्रॅकर हालचाल थांबली की स्वतःच संदेश पाठवायचे थांबतात, म्हणजे झोपलेला माणूस आणि बंद पडलेलं यंत्र नकाशावर सारखंच दिसतं. भावाचा ट्रॅकर कोणता, किती मिनिटांनी संदेश पाठवतो, हे आधीच विचारून ठेवा. ही एक गोष्ट कळली तरी निम्मी घालमेल कमी होईल.

मग आजूबाजूचे ठिपके बघा. त्याच दरीत शिरलेले चार-पाच जण एकापाठोपाठ गप्प झाले असतील तर दोष दरीचा. नकाशा उपग्रहचित्रावर टाकून जवळ आणा. ठिपका पेट्रोल पंपावर, हॉटेलवर किंवा बसथांब्यावर असेल तर उत्तर तिथेच मिळतं. आणि दाखवलेली वेळ तिकडची की आपल्याकडची, ते तपासा. मी एकदा त्या फरकामुळे उगाच रात्र जागवली आहे.

प्रतिसाद २:

मी अशा शर्यती केल्या आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. शाबासकीचा संदेश पाठवा, तो आम्ही चढावर पुन्हा पुन्हा वाचतो. पण रस्ता, मुक्काम, उघडी दुकानं, पुढचा पाऊस यातलं काहीही नको. जे त्याने स्वतः शोधायचं आहे ते तुम्ही सांगायचं नाही. "कुठे आहेस?" हेही टाळा, उत्तर द्यावंसं वाटतं आणि थांबावं लागतं. गेल्या वर्षी तुम्ही वाईट हेतूने काही केलं नव्हतं, हे त्यालाही माहीत असणार.

खरी भीती वाटली तर त्याला नाही, आयोजकांना कळवा. किती तासांनी, हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा. आमच्या घरी असं होतं: संदेश येतोय पण जागा तीच, तर आठ तास वाट बघायची, भर रस्त्यात, उतारावर मध्येच थांबल्यासारखं दिसलं तर लगेच कळवायचं. बहुतेक सॅटेलाइट ट्रॅकरवर एसओएसचं बटण असतं, ते दाबलं की बचावकेंद्राला कळतं आणि नोंदवलेल्या नातेवाइकाला फोन जातो. तो नंबर तुमचा असेल तर रात्री फोन आवाजावर ठेवून खुशाल झोपा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. आणखी एक. गेल्या वेळी क्रमांक तासाभरात नवव्यावरून सतराव्यावर गेला, तेव्हाही मी घाबरले होते. तो पडला वगैरे असेल का, असं वाटलं.

प्रतिसाद १:

मोकळ्या मार्गाच्या शर्यतीत क्रमांक फार मनावर घेऊ नका. टूर डिव्हाइडसारखी शर्यत सगळे एकाच आखलेल्या वाटेने करतात, तिथे कोण पुढे ते सरळ कळतं. इथे एक जण डोंगरावरून जातो, दुसरा लांबच्या सपाट रस्त्याने, आणि उरलेलं अंतर हा अंदाज असतो. लांबचा रस्ता धरणारा आधी मागे पडलेला दिसतो. म्हणून मी फक्त कंट्रोल पॉइंटवरच्या वेळा वहीत लिहितो. तुलना तिथेच खरी होते.

धागाकर्ती:

काल रात्री भावाशी बोलले. ट्रॅकर दर पाच मिनिटांनी संदेश पाठवतो आणि थांबल्यावर गप्प होतो, म्हणजे त्या चार तासांचं कोडंही सुटलं. दहा तासांची मर्यादा ठरवली. आज तो ट्रॅकर हँडलच्या पिशवीवर, आकाशाकडे तोंड करून बांधून बघणार आहे. पुलाचा विषय मीच काढला. "तू जागी होतीस हे कळून बरं वाटलं होतं," म्हणाला.

आता आईला लिंक द्यायची की नाही, एवढंच राहिलं. ती एकटीच असते आणि रात्री झोप कमीच.

प्रतिसाद २:

द्या, पण आधी शेजारी बसून एक झोपलेला ठिपका दाखवा. सकाळी तो हलतो, तेही तिच्यासोबत बघा.