उयुनीच्या मिठाच्या पठारावर जीपने जाताना कळसूबाईचा सराव पुरेल का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): आम्ही सहा जण पाठीवर सॅक घेऊन बोलिव्हियाला निघणार असून, उयुनीचे 10,000 चौरस किलोमीटरहून मोठे मिठाचे पठार तीन दिवसांच्या जीपफेरीत पाहण्याचा विचार आहे. कळसूबाई आम्ही न थांबता चढतो. तेवढी तयारी पुरेल का?

पहिले उत्तर: कळसूबाई 1,646 मीटर, तर उयुनी सुमारे 3,650 मीटर, आणि पुढे लगुना कोलोराडा या तांबड्या सरोवराकडे जीप 4,000 मीटरच्याही वर जाते; त्यामुळे पायांत किती बळ आहे यापेक्षा विरळ हवेची सवय व्हायला शरीराला किती दिवस दिले, हे महत्त्वाचे ठरते. आधी दोन-तीन दिवस सुक्रेला काढावेत; ते शहर सुमारे 2,800 मीटरवर आहे.

दुसरे उत्तर: मिठावर पावसाचे पाणी साचून होणारा आरसा जानेवारी-फेब्रुवारीत दिसतो, मात्र तेव्हा निवडुंगांचे इन्काहुआसी बेट बहुधा गाठता येत नाही. आम्ही जुलैत गेलो होतो. टायरखाली मीठ खडीसाखरेसारखे कुरकुरत होते, रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला, आणि घरून नेलेली चिवड्याची पाकिटे उंचीमुळे टम्म फुगून एक तर सॅकमध्येच फुटले. गॉगल मात्र विसरू नका.

प्रश्नकर्ता: मग आधी सुक्रे, नंतर जुलैतले उयुनी, असेच ठरवतो. चिवडा डब्यात नेऊ.