मदत हवी आहे: टिखोनोव्हचा अल्फा (वक्र किती गुळगुळीत करायचा ते ठरवणारा आकडा) किती ठेवायचा?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ गावी आहे, सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. रात्री लाइन आली की लॅपटॉप उघडतो. सोयाबीनमधल्या ग्लायसिनिन प्रथिनाचा लघुकोनी क्ष-किरण विकिरणाचा डेटा आहे, म्हणजे क्ष-किरण प्रथिनावरून लहान कोनांत किती विखुरतात त्याच्या नोंदी. ग्लॅटरच्या १९७७ च्या अप्रत्यक्ष फूरिये पद्धतीने अंतरांचा वक्र काढतोय, म्हणजे प्रथिनातल्या बिंदूंच्या जोड्यांमध्ये कोणतं अंतर किती प्रमाणात येतं तो आलेख.

अल्फा कमी केला की वक्र नांगरलेल्या वावरासारखा वरखाली होतो. वाढवला की ९ नॅनोमीटरजवळचा खांदाच पुसला जातो. एल-वक्राचा (डेटाशी जुळणी विरुद्ध गुळगुळीतपणा दाखवणारा आलेख; त्याच्या कोपऱ्यावरून अल्फा निवडतात) कोपरा गोलसर येतो, बोट ठेवावं असा बिंदूच नाही. प्रथिनातलं कमाल अंतर १२ वरून १५ नॅनोमीटर केलं तर वक्राची शेपटी शून्याखाली जाते. बफरची (प्रथिन ज्यात विरघळवलंय त्या द्रावणाची) वजाबाकी दोनदा तपासली.

खांदा खरा की नुसता गोंगाट, हे कसं ठरवू? हॅन्सनची बेजियन पद्धत (अल्फा आणि कमाल अंतर संभाव्यतेवरून ठरवणारी) कोणी वापरली आहे का? या खांद्यावर माझा अख्खा निष्कर्ष उभा आहे, कृपया सांगा.